निधी संकलनात करिअर करायचंय? आधी पावतीच्या टेबलावर बसा

"ताई, मला सामाजिक संस्थेत निधी संकलनाचं काम करायचंय. कोणता कोर्स करू?" असा फोन आला की मी उलट विचारते, "आजवर किती पावत्या फाडल्यात?" पलीकडे बहुतेक वेळा शांतता असते.

या कामात येणारी मुलंमुली चांगली असतात, तळमळीची असतात, पण क्रम चुकवतात. आधी पीपीटी, मग पन्नास कंपन्यांना एकच मेल, मग ओळखीपाळखीच्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅप. हिशेब, पावत्या आणि देणगीदाराशी पुढचं बोलणं हे सगळं शेवटी, तेही कुणी ओरडलं तर. सहा महिन्यांत हाती काही लागत नाही आणि "मला मागायला जमत नाही" असं म्हणत ती दुसरीकडे वळतात. मागणं हा या कामाचा पाचवा टप्पा आहे. पहिले चार न करता तिथं उडी मारली की तोंडघशी पडायला होतं.

एक गोष्ट आधीच सांगते. आयकर अधिनियम 2025 हा 1 एप्रिल 2026 पासूनचा कायदा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मी खाली लोकांच्या तोंडात बसलेले जुनेच क्रमांक वापरते. प्रत्यक्ष फॉर्म भरताना चालू क्रमांक आणि नियम संस्थेच्या सीएला विचारून घ्या.

टप्पा 1 : संस्था निवडा, पण तिची फाइल उघडून

ज्या कामासाठी तुम्ही स्वतः खिशातून पैसे द्याल, त्याच कामासाठी दुसऱ्याकडे मागता येतं. त्यामुळे विषय आवडीचा निवडा. मग भावना बाजूला ठेवून संस्थेची कागदपत्रं बघायला मागा. मुलाखतीतच मागा. चांगल्या संस्थेला याचा राग येत नाही.

हे कागद असावेत: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालचं नोंदणी प्रमाणपत्र (संस्था कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी असेल तर तिचं), 12एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करातून सूट) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) यांची चालू प्रमाणपत्रं, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक. कंपन्यांकडून सीएसआरचे, म्हणजे त्यांनी सामाजिक कामावर खर्चायचे पैसे घेणार असतील तर सीएसआर-1 ची नोंदणी. परदेशी पैसा येत असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी.

12एबी आणि 80जी एकदा मिळाली की कायमची, असं अजूनही पुष्कळ विश्वस्तांना वाटतं. तसं नाही. त्यांना मुदत असते आणि नूतनीकरण करावं लागतं. प्रमाणपत्रावरची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

आणखी एक जागा आहे जिथं नवखे बघतच नाहीत. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीनुसार विश्वस्त कोण आहेत ते पाहा. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, आणि तो वर्षानुवर्षं पडून राहतो. कागदावर पाच विश्वस्त, त्यातले दोन देवाघरी गेलेले, एक अमेरिकेत. मोठी देणगी ठरते, समोरची कंपनी कागद मागते आणि गाडी तिथंच अडकते.

थांबा : "पगार नाही, पण आणाल त्याच्या दहा टक्के देऊ" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे, आणि त्यामागे व्यवहार आहे. टक्केवारीवरचा माणूस आजची देणगी बघतो. पाच वर्षांनी मोठी देणगी देऊ शकेल अशा माणसाशी तो निवांत बोलत बसत नाही. शिवाय आपल्या हजारातले शंभर तुमच्या खिशात गेले हे देणगीदाराला कळलं, तर पुन्हा तो दार उघडणार नाही.

टप्पा 2 : पहिले सहा महिने पावतीच्या टेबलावर

हे कुणालाच आवडत नाही. मलाही आवडलं नव्हतं. पण देणगीदार कोण आहेत, कधी देतात, कशावरून चिडतात हे इथं जितकं कळतं तितकं कुठल्याच प्रशिक्षणात कळत नाही.

माझी पहिली मोठी चूक याच टेबलावरची. एका निवृत्त शिक्षकांनी पत्नीच्या वर्षश्राद्धाला पाच हजारांचा चेक पाठवला होता, सोबत चार ओळींची चिठ्ठी. मी एक्सेलमध्ये नाव भरताना "कै." आणि बाईंचं नाव देणगीदाराच्या रकान्यात टाकलं आणि सरांचं नाव "स्मरणार्थ"च्या. पावती बाईंच्या नावाने निघाली. आभारपत्र मात्र सरांच्या पत्त्यावर गेलं, "कै." या एका अक्षरासह, सरांच्याच नावामागे. चौथ्या दिवशी फोन आला. सर म्हणाले, "बाळ, मी अजून आहे." आणि हसले. मी हसू शकले नाही. त्या दिवसापासून आमच्या तक्त्यात "पैसे कुणी दिले" आणि "कुणाच्या स्मरणार्थ" असे दोन वेगळ्या रंगांचे रकाने आहेत.

हा नुसता मानापमानाचा मामला नाही. पावती ज्याच्या खात्यातून पैसे आले आणि ज्याचा पॅन आहे, त्याच्याच नावाने लागते. नाहीतर सवलत बुडते.

या टेबलावर शिकायच्या गोष्टी:

देणगीदाराचं नाव पॅनवर आहे तसंच लिहायचं. पॅन देणगी घेतानाच मागायचा. वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण, म्हणजे 10बीडी, पुढच्या 31 मे पर्यंत भरायचं असतं आणि त्यावरूनच देणगीदाराला 10बीई हे प्रमाणपत्र मिळतं. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. मेच्या शेवटच्या आठवड्यात दोनशे लोकांना "पॅन पाठवता का?" विचारत बसलेली संस्था मी पाहिली आहे. अर्धे फोन उचलत नाहीत, उरलेल्यांना हा फसवणुकीचा फोन वाटतो.

रोख 2,000 रुपयांच्या वर घेतली तर देणगीदाराला 80जीची सवलत मिळत नाही. हे पैसे हातात घेण्याआधी सांगा. वस्तूरूपातल्या देणगीलाही सवलत नाही. धान्याची पोती, जुने संगणक, ब्लँकेटं आनंदाने घ्या, पोचही द्या, पण 80जीचा शिक्का मारू नका.

क्यूआर कोडवरून येणाऱ्या रकमांचा रोज छडा लावा. बँकेच्या पासबुकात नुसता यूपीआय क्रमांक दिसतो आणि आठवड्याने तो कुणाचा हे कुणालाच आठवत नाही. निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या (एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या 5 टक्के, यातली मोठी रक्कम) तर वरच्या रकमेवर 30 टक्के कर बसू शकतो.

तपासा : मागच्या महिन्यातल्या कोणत्याही दहा पावत्या काढा. प्रत्येकीची बँकेतली नोंद, पॅन आणि आभाराची तारीख पाच मिनिटांत सापडते का? सापडत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा 3 : एका मुलाचा खरा खर्च काढा

इथं जरा रेंगाळूया, कारण चांगल्या चांगल्या संस्था इथं घसरतात.

समजा, वस्तीत 30 मुलांची अभ्यासिका आहे. माहितीपत्रकात लिहिलंय, "फक्त 900 रुपयांत एका मुलाचं वर्षभराचं शिक्षण!" हे 900 म्हणजे वह्या-पुस्तकं. आता प्रकल्पाच्या ताईंना आणि हिशेबनीसाला शेजारी बसवून नीट मांडा. आकडे उदाहरणाचे आहेत:

शिकवणाऱ्या ताईंचं मानधन, महिना 7,000 : 84,000
खोलीचं भाडं, महिना 3,000 : 36,000
वह्या-पुस्तकं, 30 मुलांची : 27,000
वीज आणि किरकोळ : 9,000
पर्यवेक्षकाच्या पगारातला वाटा आणि प्रवास : 36,000
हिशेब आणि ऑडिटचा वाटा : 6,000

एकूण 1,98,000. भागिले 30, म्हणजे एका मुलामागे वर्षाला 6,600, महिन्याला 550.

900 सांगून 30 देणगीदार मिळाले तर काय होतं? 27,000 रुपये येतात, तेही पुस्तकांसाठीच म्हणून बांधलेले. कपाट पुस्तकांनी भरतं आणि ताईंचं मानधन दोन महिने थकतं. तिसऱ्या महिन्यात ताई धुणीभांडी परवडली म्हणून निघून जातात. पुस्तकं आहेत, शिकवायला कुणी नाही.

"पण लोक पगाराला पैसे देत नाहीत," हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. देतात. "प्रशासकीय खर्च" म्हटलं की देत नाहीत. "संध्याकाळी पाच ते आठ या मुलांजवळ बसणाऱ्या ताईंचं मानधन" म्हटलं की देतात. तेही खरंच तसं असेल तर. शब्द बदलून कार्यालयाचा एसी त्यात घुसवू नका.

हे आकडे काढायला महिन्यातून दोन दिवस प्रकल्पावर गेलंच पाहिजे. जाताना कॅमेरा पिशवीत ठेवा. आधी बसा, झाडलोट करा, खिचडी वाढा. कुणाची गोष्ट सांगायची असेल तर त्या व्यक्तीला, मूल असेल तर पालकांना, ती कुठं वापरणार हे समजावून परवानगी घ्या. स्वतःला एकच विचारा: हे पत्रक त्या आईच्या हातात पडलं तर मी तिच्यासमोर उभी राहू शकेन का?

टप्पा 4 : यादी

नव्या देणगीदारांच्या मागे लागण्याआधी जुने शोधा. दोन वर्षांपूर्वी दिलं आणि मागच्या वर्षी दिलं नाही, अशी नावं वेगळी काढा. बऱ्याचदा कारण इतकंच असतं की कुणी विचारलंच नाही, किंवा पावती पोचली नाही. तुमचे पहिले शंभर फोन यांनाच. फोनवर पैसे मागायचे नाहीत. "मागच्या वेळची पावती मिळाली होती का?" एवढंच विचारा.

विकत मिळणाऱ्या मोबाइल नंबरांच्या याद्या घेऊ नका. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा 2023 चा कायदा आहेच, पण त्याहीपेक्षा असल्या यादीतून येतो तो राग.

टप्पा 5 : मागणं

आता मागा. क्रम असा ठेवा.

आधी वेळ घ्या. "सर, वीस मिनिटं हवीत, अभ्यासिकेबद्दल बोलायचंय आणि मदतही मागायची आहे." मागायला येतोय हे लपवून "सहज भेटायला" गेलात की माणूस शेवटपर्यंत सावध बसतो.

भेटीत पहिली दहा मिनिटं ऐका. त्यांनी आधी कुठं दिलं, का दिलं, कुठं कटू अनुभव आला. मग एका मुलाची किंवा एका दिवसाची गोष्ट. मग आकडा. मग गप्प.

हे गप्प राहणं सगळ्यात अवघड. "पाच मुलांचं वर्ष, 33,000 रुपये, आपण उचलाल का?" असं म्हटल्यावर समोर पाच-सात सेकंद शांतता असते आणि नवखा माणूस तीच भरून काढतो: "म्हणजे तेवढेच असं नाही हं, फूल ना फुलाची पाकळी..." झालं. समोरचा माणूस 33,000 चा विचार करत होता. तुम्ही पाकळी म्हणालात, तो पाकळीच देणार. लग्नाच्या आमंत्रणात शोभणारं हे वाक्य या कामात तोंडातून काढूनच टाका.

"नाही" आलं तर आभार मानून एक प्रश्न विचारा: "विषय पटला नाही, की वेळ योग्य नाही?" उत्तर डायरीत लिहा. मुलीचं लग्न डिसेंबरात आहे म्हणणाऱ्याला मार्चमध्ये फोन करायचा असतो.

थांबा : "80जी आहे, टॅक्स वाचेल" हे सरसकट सांगू नका. नव्या कररचनेत 80जीची वजावट मिळत नाही, आणि आज पुष्कळ पगारदार त्याच रचनेत आहेत. "आपण जुन्या रचनेत असाल तर सवलत मिळेल, सीएंना विचारून घ्या," इतकंच म्हणा. जुलैत रिटर्न भरताना त्यांना खरं काय ते कळणारच आहे. ते तुमच्याकडून आधी कळलेलं बरं.

आणखी एक. कार्यकारी विश्वस्तांना सोबत न्यायचं असेल तर कोण मागणार हे रिक्षातच ठरवा. दोघंही एकमेकांकडे बघत बसले आणि चहा पिऊन परत आले, असं माझ्याबाबतीत एकदा नव्हे, तीनदा झालंय.

टप्पा 6 : कंपन्यांचा सीएसआर

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हे वाचून नवखे थेट इथंच येतात. पण अनोळखी संस्थेला पहिल्या मेलवर पैसे मिळत नाहीत. कंपनीचा कारखाना कुठं आहे ते बघा. आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. चाकणच्या कारखान्याला नंदुरबारच्या प्रकल्पासाठी मेल करण्याआधी विचार करा. प्रस्ताव चार पानांचा पुरे: प्रश्न, काम, खर्च, आणि काम झालं हे कशावरून मोजणार.

अंदाजपत्रकात एक गैरसमज हमखास आडवा येतो. "सीएसआरमध्ये प्रशासनाला 5 टक्केच." ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. तुमच्या प्रकल्पातल्या समन्वयकाचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे, तो तसाच मांडा. समोरचा अधिकारी नवा असेल तर त्यालाही नम्रपणे दाखवा.

पैसे हप्त्याने येतात आणि पुढचा हप्ता विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीचे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाले या दाखल्यावर अडतो. म्हणून करारावर सही होण्याआधी हिशेबनीसाला तो वाचायला द्या.

टप्पा 7 : परदेशातले आपले लोक

न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, "मावशी, माझं पुण्यात खातं आहे, तिथून रुपयांत पाठवतो." पाठवू द्यायचं का? ते त्याच्या पासपोर्टवर ठरतं. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःची बचत बँकेमार्फत येत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही आणि रक्कम रुपयांत असूनही ती परदेशी देणगी ठरते. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही. नोंदणी असेल तरी ती दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी.

म्हणून परदेशातल्या प्रत्येक देणगीदाराला क्यूआर कोड पाठवण्याआधी नागरिकत्व विचारा. संकोच वाटतो, तरी विचारा. चुकून आली तर खर्च न करता त्याच दिवशी सीएला फोन.

टप्पा 8 : देणगी आल्यानंतर

दोन दिवसांत पावती आणि माणसाने लिहिलेले आभार. तीन महिन्यांनी कामाची बातमी, त्यात पैशाची मागणी नको. वर्षअखेरीला हिशेब.

बातमी वाईट असली तरी कळवा. आमची एक अभ्यासिका घरमालकाने खोली काढून घेतल्याने ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद पडली. विश्वस्त म्हणाले, आत्ता नको सांगू. मी नाही ऐकलं, देणगीदारांना पत्र लिहिलं. दोघांनी नाराजी कळवली. एका बाईंनी विचारलं, "आमच्या वाड्यातली पुढची खोली चालेल का?" अजून तिथंच भरते.

एका कामासाठी मिळालेला पैसा दुसऱ्या कामाला वळवायचा असेल तर आधी लेखी परवानगी. "परत भरून टाकू" म्हणून वळवू नका. देणगी कॉर्पस, म्हणजे कायम निधी म्हणून नोंदवायची असेल, तर तसं देणगीदाराचं लेखी सांगणं हवं. ते तुम्ही मागाहून ठरवू शकत नाही.

टप्पा 9 : नोकरी बदलताना

कोर्सचा प्रश्न राहिला. दोनेक वर्षं काम केल्यावर करा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत किंवा पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत समाजकार्याचं शिक्षण मिळतं, आणि आयएलएसएससारख्या संस्था निधी संकलनाचा वेगळा अभ्यासक्रम चालवतात. तोवर तुमच्याकडे विचारायला खरे प्रश्न असतील.

बायोडेटात "एक कोटी उभे केले" लिहू नका. ते एकट्याने कुणी उभे करत नाही आणि मुलाखत घेणाऱ्याला ते माहीत असतं. किती जुने देणगीदार पुन्हा देऊ लागले, 10बीडी किती वर्षं वेळेत गेला, हे लिहा.

देणगीदारांची यादी सोबत नेऊ नका, पेन ड्राइव्हवर नाही, फोनमध्येही नाही. ते संस्थेच्या कामाला देत होते, तुम्ही फक्त मधला दुवा होतात. उलट, निघण्याआधी तीन आठवडे काढा आणि पहिल्या पन्नास देणगीदारांबद्दल प्रत्येकी दोन-तीन ओळी नव्या माणसासाठी लिहून ठेवा. माझ्या शेवटच्या वहीतली एक नोंद अशी होती: "आजींना फोन दुपारी चारनंतर, लँडलाइनवरच. ऐकू कमी येतं, सावकाश बोलावं. दर दसऱ्याला 501 देतात. पावती पोस्टानेच पाठवावी, त्या पाकिटावरची तिकिटं नातवासाठी जपतात."